जाबदेणाराची खुर्ची रिकामी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अपघाताच्या भरपाईवरची मुदतठेवीची अट काढून टाका, नवऱ्याच्या जिवाचे पैसे मिळवायला बाईला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावू नका, अशा अर्थाचं एक पत्र मागे आपल्या सदरात आलं होतं. (भरपाईचे पैसे कोर्ट बँकेत मुदतठेवीत ठेवायला लावतं आणि मुदतीआधी काढायचे तर कोर्टाची परवानगी लागते, ती ही अट.) लिहिणारीचं दुखणं खरं आहे. ते दुखणं देणाऱ्यांत मी स्वतः होतो. सातारा जिल्ह्यात कोर्टात तेहतीस वर्षं नोकरी केली, त्यातली अकरा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाच्या टेबलावर गेली. 2016 साली सहायक अधीक्षक म्हणून सुटलो. सध्या मुलीकडे अमेरिकेत, मेरीलँड राज्यातल्या टोसन इथे मुक्काम आहे. इथे कोर्टात एक अर्ज चाललेला पाहिला आणि त्या पत्राला उत्तर द्यावंसं वाटलं. अट काढू नका, असं माझं म्हणणं आहे. मात्र ते सांगायला जरा लांबून यावं लागेल.

मुलीच्या शेजारी एक आजी राहतात, सत्तरी ओलांडलेल्या, कृष्णवर्णीय. त्यांच्या परसात पालेभाजीचे वाफे आहेत, आमच्या कुंपणाला लागून माझी मेथी. मी कोर्टात होतो एवढं मुलीने त्यांना सांगितलं, तेव्हापासून त्या मला ‘जज’ म्हणतात. मी कारकून होतो हे तीनदा सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही. एके दिवशी त्या एक जाड लिफाफा घेऊन आल्या. नातवाला कोर्टाची तारीख होती. ‘जज, तुम्ही नुसते येऊन बसा,’ म्हणाल्या.

नातू सव्वीस वर्षांचा. नऊ वर्षांचा असताना सायकलवरून जाताना मोटारीने उडवलं, पाय कायमचा अधू झाला. तेव्हा तडजोड झाली ती अशी, की भरपाई एकरकमी न देता तो सज्ञान झाल्यापासून दरमहा 750 डॉलर, अनेक वर्षं. इथे याला स्ट्रक्चर्ड सेटलमेंट म्हणतात. ज्याच्यावर दावा लागला त्याची विमा कंपनी एखाद्या आयुर्विमा कंपनीकडून ॲन्युइटी विकत घेते आणि हप्ते तिथून येत राहतात. शारीरिक इजेच्या अशा हप्त्यांवर आयकर नाही, हे 1982 च्या कायद्याने पक्कं केलं. हेतू आपल्या मुदतठेवीचाच. हातात ढीगभर पैसा आला की तो भाच्याच्या धंद्यात, मेव्हण्याच्या गाडीत जातो आणि माणूस पुन्हा सरकारच्या दारात येऊन उभा राहतो. भाचे-मेव्हणे सगळ्या देशांत असतात.

मग नव्वदच्या दशकात हे हप्ते विकत घेणाऱ्या कंपन्या निघाल्या. ‘पुढची दहा वर्षं हप्ता आम्हाला येऊ द्या, आज तुम्हाला रोख देतो.’ नातवाचा सौदा तोच होता. दहा वर्षांचे 120 हप्ते, एकूण 90,000 डॉलर. कंपनी देणार होती 31,000. त्याला बागकामाच्या धंद्यासाठी जुना पिकअप ट्रक आणि गवत कापायचं मोठं यंत्र घ्यायचं होतं. चैन नव्हती, हे मुद्दाम लिहितो.

रात्री जावयाला घेऊन हिशेब मांडला. वर्षाला पाच टक्के व्याज धरलं तर त्या 120 हप्त्यांची आजची किंमत साधारण 70,700 डॉलर होते. 31,000 घेऊन दरमहा 750 दहा वर्षं फेडायचे, तर व्याज पडतं शेकडा सव्वादोन रुपये महिना. जावई म्हणाला, ‘म्हणजे वर्षाला सत्तावीस टक्के.’ मला शेकड्यात लगेच कळलं. आमच्या गावातला सावकार याच्या आसपासच लावायचा, आणि त्याच्या दारात निदान माणूस मान खाली घालून जायचा.

पण कायद्याच्या दृष्टीने हे कर्ज नाही, विक्री आहे. त्यामुळे व्याजदराची मर्यादा घालणारे कायदे याला सहसा लागत नाहीत. हे वाचलं आणि मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. आपल्याकडे सावकार पैसे देताना गहाणखत न करता खरेदीखत का करून घेतो? ‘कर्ज कुठं दिलंय, जमीन विकत घेतलीय,’ असं म्हणता यावं म्हणून. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्यात अशा खरेदीखताच्या मागे सावकारी असल्याचं चौकशीत दिसलं तर जमीन परत देण्याची सोय करावी लागली, ती यासाठीच. सातासमुद्रापार तीच युक्ती, फक्त सातबाऱ्याच्या जागी ॲन्युइटी.

अमेरिकेने यावर जो उपाय काढला तो कोर्टाच्या परवानगीचा. 1997 मध्ये इलिनॉय राज्याने सुरुवात केली, पुढे जवळपास सगळ्या राज्यांनी कायदे केले. जानेवारी 2002 मध्ये केंद्रीय करकायद्यात कलम 5891 आलं. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यात गेलेल्यांच्या कुटुंबांना करसवलत देणाऱ्या कायद्यातच ते बसवून घेतलेलं आहे. कलम सांगतं, की कोर्टाची आगाऊ मंजुरी न घेता हप्ते विकत घेतले, तर मिळणारी रक्कम आणि दिलेली रक्कम यांच्या फरकावर घेणाऱ्याने 40 टक्के कर भरायचा. तेव्हा या कंपन्या कोर्टात येतात त्या न्यायाच्या ओढीने नव्हेत, हा कर चुकवायला येतात. न्यायाधीशाने पाहायचं काय, तर विकणाऱ्याच्या आणि त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या दृष्टीने व्यवहार हिताचा आहे का. बहुतेक राज्यांत सही करण्याआधी किमान तीन दिवस त्या माणसाला कागद द्यावा लागतो. किती हप्ते जाणार, त्यांची बेरीज किती, आजची किंमत किती आणि हातात पडणार किती, हे सगळं त्यात लिहिलेलं हवं. स्वतंत्र जाणकाराचा सल्ला घे, असंही त्याला लेखी सांगावं लागतं.

कागदावर काही खोट काढता येणार नाही. आता कोर्टात काय झालं ते सांगतो.

दारातच माझी शोभा झाली. कोटाच्या खिशात अडकित्ता राहिला होता. यंत्रातून तो निघाल्यावर शिपायाने तो उलटासुलटा करून पाहिला आणि हे कशाचं हत्यार म्हणून विचारलं. सुपारीचं, म्हणालो. आजींनी माझ्यासाठी रदबदली केली, पण शेवटी तो गाडीत ठेवून यावं लागलं.

दालनात शिरल्यावर सवयीने आधी बसण्याची व्यवस्था पाहिली. अर्जदाराच्या टेबलाशी कंपनीचा वकील. होय, अर्जदार कंपनी असते. ज्याचं हित पाहायचं तो मुलगा बाजूला, साक्षीदारासारखा. समोरचं टेबल रिकामं. विमा कंपनीला नोटीस गेलेली होती, पण तिला काय, हप्ता याला द्यायचा की त्याला, तिचा खर्च तेवढाच. मुलाला वकील नव्हता. थोडक्यात, अर्ज एकतर्फी आणि जाबदेणाराची, म्हणजे विरोधी पक्षाची, खुर्ची रिकामी. अकरा वर्षं मी हेच पाहत होतो. मुदतठेव मोडण्याच्या अर्जाला आपल्याकडे तरी कोण विरोध करतं? विमा कंपनी पैसे भरून मोकळी झालेली असते. बाईचा वकील बाईच्या बाजूने. शेजारी दीर उभा असतो, तोही ‘बाईच्याच’ बाजूने. अर्जाच्या विरुद्ध बोलू शकणारा माणूस अख्ख्या कोर्टात एकच असतो, तो म्हणजे खुद्द न्यायाधीश. ते बोलले नाहीत तर कोणीच बोलत नाही.

टोसनच्या न्यायाधीश बाई बोलल्या. मुलाला जवळ बोलावून घेतलं आणि वकिलाला म्हणाल्या, तुम्ही बसा. किती मिळणार? 31,000, मुलाने पटकन सांगितलं. देणार किती? तो थांबला. ‘पन्नास हजार असतील?’ त्याच्या सहीचा कागद बाईंच्या हातात होता, त्यात नव्वद स्पष्ट छापलेलं होतं. मग विचारलं, घरी कोण? दोन वर्षांची मुलगी. तिच्या आईला या व्यवहाराचं माहीत आहे? अर्धवट. ट्रक कुठला, किंमत लिहून घेतली आहे का? फोनवर फोटो होता. बँकेत किंवा पतपेढीत कर्ज विचारलंस? नाही. का नाही? यावर तो जे बोलला ते मला अजून आठवतं. म्हणाला, बँकेकडून मला पत्र आलं नव्हतं, यांच्याकडून आलं.

सगळं मिळून वीस मिनिटं. हा व्यवहार तुझ्या आणि तुझ्या मुलीच्या हिताचा आहे असं मला म्हणता येत नाही, असं सांगून बाईंनी अर्ज नामंजूर केला. मुलगा संतापला. पैसे माझे, पाय माझा मोडला, मग ही कोण विचारणारी, असं पार्किंगमध्ये आजीला म्हणाला. आजी गप्प. मीही गप्प. कारण त्याच्या बोलण्यात तथ्य नाही, असं मला छातीठोक म्हणता येईना. आपल्या सदरातल्या त्या पत्रलेखिकेचं म्हणणं तरी दुसरं काय आहे?

याच राज्यात दहा-अकरा वर्षांपूर्वी वीस मिनिटं सोडा, कुणी दोन मिनिटंही द्यायला तयार नव्हतं. बाल्टिमोरच्या जुन्या घरांना शिशाचा रंग असायचा. त्याचे पोपडे आणि धूळ लहान मुलांच्या पोटात गेली, मेंदूवर परिणाम झाला, आणि घरमालकांवर दावे होऊन या मुलांना असेच मासिक हप्ते ठरले. मुलं सज्ञान झाली आणि कंपन्यांनी त्यांना गाठलं. ऑगस्ट 2015 मध्ये ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने याची बातमी फोडली. एका तरुणीने 2017 ते 2052 पर्यंतचे 420 हप्ते विकले होते. बेरीज जवळजवळ 5,74,000 डॉलर, त्या वेळची किंमत सुमारे 3,38,000. तिला मिळाले 63,000 पेक्षा कमी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना झालेल्या जखमांनी मरण पावलेला फ्रेडी ग्रे, ज्याच्यावरून बाल्टिमोर पेटलं, तोही शिशाची बाधा झालेला होता आणि त्यानेही असेच हप्ते विकले होते. आणि हे सगळे सौदे कोर्टाने मंजूर केलेले होते, रीतसर. कायदा तेव्हाही होता, ‘हिताचा आहे का’ हे शब्दही होते. पण पुष्कळदा ज्याचे पैसे जायचे तो कोर्टात आलेलाच नसायचा. ‘स्वतंत्र’ सल्ला देणाऱ्या वकिलाचे पैसे कंपनीच भरत होती आणि सल्ला फोनवर उरकला जात होता, असा आरोप करून केंद्रीय ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने नोव्हेंबर 2016 मध्ये मेरीलँडच्या एका कंपनीवर दावा लावला. मेरीलँडने 2016 मध्ये कायदा कडक केला. कंपनीने राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे नोंदणी करायची, अर्ज विकणारा जिथे राहतो त्याच काउंटीत लावायचा, आणि तो स्वतः हजर पाहिजे. म्हणून आमचा हा मुलगा त्या दिवशी बाईंसमोर उभा होता.

आता साताऱ्याचं सांगतो.

सर्वोच्च न्यायालयाने सुसम्मा थॉमस प्रकरणात भरपाईच्या पैशाबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. अज्ञानांचा हिस्सा सज्ञान होईपर्यंत ठेवीत, अशिक्षित अर्जदाराचाही ठेवीत, उपजीविकेसाठी काही घ्यायचं तर परवानगीने काढता येईल, आणि ठेव पावतीवर कर्ज द्यायचं नाही. आमच्या कोर्टात याचा एक परिच्छेद झाला होता. संगणकात तयार होता. नाव आणि रक्कम बदलायची, की झाला आदेश. कितीतरी निकालपत्रांना मी तो चिकटवला असेन. अर्जदार शिक्षिका आहे की शेतमजूर, हे त्या परिच्छेदाला माहीत नसायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही. 2012 मध्ये ए. व्ही. पद्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणांना हेच सुनावलं, की या सूचना यंत्रासारख्या लावू नका, समोरचा माणूस पाहा. ते वाचताना आपल्यालाच कोणी नाव घेऊन बोलतंय असं वाटलं.

दोन बाया मला विसरता येत नाहीत. एक कोरेगाव तालुक्यातली. नवरा महामार्गावर ट्रकखाली गेला. तिचे एक लाख ऐंशी हजार पाच वर्षांच्या ठेवीत होते. मुलीला नर्सिंगला घालायला चाळीस हजार हवे होते, फीची पावती घेऊन आली होती. अर्जावर शेरा पडला: जाबदेणाराचा से, म्हणजे लेखी म्हणणं, घ्या. आता विमा कंपनीचा यात काय संबंध, पण रीत होती. पहिल्या तारखेला कंपनीचा वकील नाही. दुसऱ्या तारखेला साहेब रजेवर. तिसऱ्या तारखेला ‘हरकत नाही’ असा दोन शब्दांचा से आला आणि अर्ज मंजूर झाला. तोवर प्रवेशाची मुदत संपत आली म्हणून तिने सावकाराकडून पैसे उचलले होते. ठेवीतले चाळीस हजार थेट त्याच्या घरी गेले, आणि वर व्याज राहिलंच.

दुसरी माणदेशातली. तिचा अर्ज पहिल्याच तारखेला मंजूर झाला, पूर्ण रक्कम. कारण लिहिलं होतं ‘शेतीसुधारणा’. दीर बरोबर होता, तोच बोलत होता. तिला कोणी एक अक्षर विचारलं नाही. रोजनामा मी लिहिला. दोन वर्षांनी ती एकटीच आली आणि माझ्या टेबलापाशी उभी राहून म्हणाली, ‘भाऊसाहेब, खात्यात काही उरलंय का तेवढं बघा.’ दिराने जीप घेतली होती. पाणी नसलेल्या गावात शेतीसुधारणा कसली, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला. दोन वर्षं उशिरा.

आपल्या पत्रलेखिकेला पहिली बाई दिसते. मला दोघी दिसतात. अट काढली तर पहिलीचे हेलपाटे वाचतील, पण दुसरीसारख्या शंभर होतील. आणि आता तर रकमा मोठ्या झाल्यात. 2019 पासून बँकांत मोटार अपघात दावा ॲन्युइटी ठेव अशी योजना आहे. 36 ते 120 महिने, दरमहा मुद्दल आणि व्याज मिळून हप्ता खात्यात येतो, त्यावर कर्ज मिळत नाही आणि मुदतीआधी मोडायला कोर्टाची परवानगी लागते. दिल्ली उच्च न्यायालयाने सुरुवात केली, मग सर्वोच्च न्यायालयाने देशभर लागू करायला सांगितलं. म्हणजे अमेरिकेचे हे मासिक हप्ते आपल्या दारात आलेच आहेत. मागोमाग गिऱ्हाईकही येईल. आपल्याकडे तो टीव्हीवर जाहिरात करणार नाही, तो सोयरा म्हणून येईल.

तेव्हा अट राहू द्या आणि अर्जाची तऱ्हा बदला. ठेव मोडण्याच्या अर्जावर विमा कंपनीचा से मागणं बंद करावं, त्याने फक्त तारखा वाढतात. फी, दवाखाना अशा कारणांना पंधरा दिवसांत निकाल द्यावा, आणि पैसे थेट कॉलेजच्या किंवा दवाखान्याच्या खात्यात पाठवावेत. अर्जाबरोबर एका कागदावर मराठीत तीन आकडे लिहिलेले हवेत: आज काढते आहे किती, मागे उरतं किती, आणि दर महिन्याचा हप्ता किती कमी होतो. हा कागद भरायला कारकुनाला दहा मिनिटंही लागत नाहीत, मी कारकून होतो म्हणून सांगतो. आणि न्यायाधीशांनी बाईला दालनात एकटीला बोलवावं. वकील बाहेर, दीर बाहेर, भाऊ असेल तर भाऊही बाहेर. तिला तिच्या बोलीत विचारावं, की बाई, पैसे कशाला काढतेस, आणि हे तुला कोणी सुचवलं? दुसरा प्रश्न मी टोसनमधून उचललेला नाही. तो मला त्या माणच्या बाईला विचारायला हवा होता. टेबलावरून विचारला असता तरी चाललं असतं, कोणी मला अडवलं नव्हतं.

न्यायाधीशांना वेळ कुठे आहे, असं कोणी म्हणेल. मान्य. बोर्डावर किती प्रकरणं असतात ते मी रोज फळ्यावर लावत होतो. पण ज्या अर्जात समोरची खुर्ची रिकामी असते तिथे वेळ वाचवला, की तो त्या बाईच्या पैशातून वाचतो.

नातवाचं पुढे काय झालं ते आपले वाचक विचारतील. तो आजीशी आठ दिवस बोलला नाही. मग एका पतपेढीत कर्जाचा अर्ज केला आहे, अजून उत्तर नाही. ट्रक दुसऱ्याने नेला. दरम्यान एक नवाच त्रास सुरू झाला. कोर्टातला अर्ज सार्वजनिक कागद असल्याने त्यातलं नाव-पत्ता बाकीच्या कंपन्यांना मिळतं. आता आठवड्याला तीन-चार पत्रं येतात, आम्ही त्यांच्यापेक्षा जास्त देऊ, आमच्याकडे या. आजी ती फोडतात, रकमेवर नजर टाकतात आणि कुंपणावरून माझ्याकडे देतात. कागद उत्तम असतो, जाड, आणि मागची बाजू कोरी. पाठकोरे जपून ठेवायची सवय नोकरीतली. या पत्राचा कच्चा मसुदा त्यावरच केला आहे.

प्रकरण शेजारच्यांचं असल्याने माझं नाव छापू नये, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त सहायक अधीक्षक
सातारा (सध्या मुक्काम टोसन, मेरीलँड)